चाखलेलं रक्त

१

पद्धतींच्या वहीतलं पहिलं पान कुणीतरी फाडलं होतं. सफाईने कापलं असतं तर एक वेळ समजलं असतं, पण शिवणीपाशी कागदाची दातेरी पट्टी तशीच राहिली होती. मावशीने ती बोटाने चाचपली आणि चष्मा कपाळावर सरकवला. चष्मा कपाळावर गेला म्हणजे मावशीचा पारा चढला, हे एके काळी या प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होतं. आता ते ओळखणारे एकटे छोटे डॉक्टर उरले होते आणि ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

छोटे डॉक्टर म्हणजे विभागाचे प्रमुख. वय अठ्ठावन्न, डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके. पण ते इथे लागले तेव्हा प्रमुख होते मोठे डॉक्टर, म्हणून हे छोटे. मोठे डॉक्टर जाऊन बारा वर्षं झाली, तरी यांना मोठं व्हायची परवानगी कुणी दिली नव्हती. मावशीने तर नाहीच नाही.

"ते पान माझ्या अक्षरातलं होतं," मावशी म्हणाली.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. निवृत्त माणसाला त्रास द्यायचं अगदी जिवावर आलं होतं, पण..."

"जिवावर राहू द्या. सुरुवातीपासून सांगा."

छोट्या डॉक्टरांनी सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी नवं यंत्र आलं आणि निरोगी माणसांच्या प्लेटलेट किती पटकन चिकटतात याची मोजणी सुरू झाली. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या सगळ्यात लहान पेशी. कुठे कापलं, खरचटलं की त्या धावत जाऊन एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. रक्तातलं पिवळसर गढूळ पाणी वेगळं काढायचं, त्यात याच पेशी असतात. त्याची नळी यंत्रात ठेवायची, आरपार उजेड सोडायचा आणि वरून एडीपी नावाच्या रसायनाचा थेंब टाकायचा. एडीपी म्हणजे प्लेटलेटना मारलेली हाक. ती ऐकली की पेशी गोळा होतात, पाणी निवळतं, उजेड जास्त जातो आणि रेषा वर चढते. हे सगळं मावशीने एकतीस वर्षं केलं होतं, तरी तिने ते निमूटपणे ऐकून घेतलं.

"एकवीस माणसं झाली," छोटे डॉक्टर म्हणाले. "वीस रेषा आडव्या. एक तेवढी आली नीट, मंगळवारी. बाकी सगळ्या मेल्यागत पडलेल्या."

"एडीपी उतरलं असेल."

"नाही ना! काल मी माझंच रक्त काढलं, स्वतः लावलं, त्याच बाटलीतला थेंब टाकला. रेषा सरळ वर. म्हणजे यंत्र ठीक, बाटली ठीक. रक्त देणाऱ्यांनी गुपचूप रक्त पातळ करणारं अॅस्पिरिन घेतलं म्हणावं, तर दुसरी रसायनं टाकली की त्याच पेशी मस्त चिकटतात. एडीपीलाच तेवढ्या बहिऱ्या. मग राहिलं काय? हात. आणि त्या एकवीस नळ्यांना हात लागले ते एकटीचे."

ती एकटी म्हणजे चिमणी. मावशीच्या हाताखाली चार वर्षं शिकलेली तंत्रज्ञ. दिवसभर चिवचिवाट करायची म्हणून मावशीनेच हे नाव ठेवलं होतं. शनिवारी समितीची बैठक होती. चिमणीला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यात ठरणार होतं.

"शनिवारीच आपलं पद्धतींचं पुस्तक छापायला जाणार," छोटे डॉक्टर पुढे म्हणाले. "तुमच्या अक्षरातलं पान पहिलं, खाली तुमचं नाव. काल दुपारी त्यासाठीच तिच्याकडून वही मागवली, तर पान गायब."

"मग फाडलं कुणी?"

"तिनेच. तसं तोंडावर सांगितलं मला. का फाडलं म्हणून विचारलं, तेव्हापासून जी गप्प झालीय ती आजतागायत."

२

चिमणी नळ्या धूत होती. मावशी शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. हे स्टूल तिचंच. एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता, तोही तिनेच घातलेला.

"काय गं, जेवलीस का?"

चिमणीने मान हलवली. ती हो होती की नाही, हे मावशीला कळलं नाही. पूर्वी या पोरीला गप्प बसवायला मावशीला डोळे वटारावे लागत.

"मला करून दाखव एकदा. नेहमी करतेस तसं."

"माझा हात चुकला, मावशी. मी तसं लिहून देते. तुम्ही यात पडू नका."

"तुझा हात चुकला? तुझा? डोळे बांधले तरी तुझा थेंब नळीच्या मधोमध पडतो, हे मी चारचौघांत सांगत आलेय."

चिमणीने नळ सोडला, म्हणजे पाण्याच्या आवाजात उत्तर द्यायला नको. मावशी बसून राहिली. समोरच्या ओट्यावर तो पांढरा, चपटा, नवा डबा होता. जुनं यंत्र तिथेच असायचं. चांगलं कपाटाएवढं धूड होतं ते. कागदावर निळ्या शाईचा काटा कुरकुरत चालायचा. त्यातला दिवा मोठ्या डॉक्टरांच्या जिवाचा तुकडा, कारण तो गेला की दुसरा यायला सहा महिने लागत.

"पेशी जिवंत आहेत अशी खात्री झाल्याशिवाय माझा दिवा लावायचा नाही," असा त्यांचा दंडक होता. एकदा मेलेल्या पेशींवर दिवा जाळला म्हणून त्यांनी मावशीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तेव्हा मावशी तरुण होती आणि फार मानी होती. दुसऱ्या दिवशीपासून तिने चाखणं सुरू केलं. नळीत एडीपीचा अगदी एवढासा थेंब, रेषा चढायला लागतो त्याच्या विसाव्या हिश्श्याचाही नाही. नळी उजेडात धरून हलवली की जिवंत पेशींच्या पाण्यात रेशमासारखी झळाळी फिरताना दिसते. चाखलं की ती झळाळी क्षणभर मावळायची आणि मग हळूहळू परत यायची. पेशींनी हूं म्हटलं, आता दिवा लावा. मोठ्या डॉक्टरांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी तिला मावशीची चव असं नाव दिलं आणि वहीच्या पहिल्या पानावर ती मावशीकडूनच लिहून घेतली. त्या दिवशी मावशी घरी गेली ती पायीच, बसमध्ये बसायचं भानच राहिलं नव्हतं.

नळ बंद झाला. चिमणीचे डोळे लाल होते.

"मावशी, तुम्हाला माझी शपथ आहे," ती हळूच म्हणाली. "शनिवारपर्यंत घरी राहा. मग काय विचारायचं ते विचारा."

शनिवारनंतर विचारायला ही पोर इथे असणार नव्हती. आणि तरी ती गुन्हेगारासारखी घाबरलेली नव्हती. ती दुसऱ्या कुणासाठी तरी घाबरली होती, आणि ते कोण हे मावशीला काही केल्या सुचेना.

३

भांडाराचे काका आणि चिमणी यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, असं ऐकिवात होतं. फ्रिजचा पारा नीट नोंदवत नाहीत म्हणून चिमणीने त्यांची तक्रार केली होती. एडीपीचा फ्रिज काकांच्या ताब्यात. मावशीने आधी तिकडेच मोर्चा वळवला.

"माझ्यावर संशय?" काका उखडले. "मावशी, तुम्ही आणि मी एकाच वर्षी लागलो इथे!"

"म्हणून तर तोंडावर विचारतेय. मागून बोलले असते तर?"

काका विरघळले. बाटलीचं सील दाखवलं, पाऱ्याची वही दाखवली. सगळं चोख होतं. तक्रारीनंतर तर जास्तच चोख.

"आणि तुम्हाला म्हणून सांगतो, आमचं भांडण कधीच मिटलंय. मंगळवारी ती इथेच बसली होती की पाऊण तास. लाइट गेली ना! नळ्या तयार ठेवून आली बिचारी, म्हणाली, काका, आता काय करू? मी म्हटलं, बस, गप्पा मार. लाइट आल्यावर पळाली, आणि थोड्या वेळाने नाचत परत आली. रेषा आली म्हणे."

मंगळवार. एकवीसमधली ती एकुलती एक नीट रेषा. मावशीच्या डोक्यात काहीतरी खडखडलं, पण हाताला लागेना.

यंत्र बसवून देणारा माणूस त्या दिवशी तपासणीसाठी आलेलाच होता. गळ्यात टाय, हातात पेचकस, आणि यंत्राबद्दल बोलायला लागला की नव्या जावयाचं कौतुक चाललंय असं वाटावं.

"यंत्रात काही खोट निघाली तर नोकरी तुमचीही जाईल," मावशीने खडा टाकून पाहिला.

"खोट? मॅडम, तुमच्या साहेबांनी काल स्वतः बघितलंय. रेषा कशी आली, विचारा त्यांना. हे बटण दाबलं की दोन मिनिटांत तयार. तुमचं ते जुनं धूड मीच उचलून नेलं इथून. त्याला नुसतं तापायलाच चाळीस मिनिटं लागायची! चाळीस मिनिटं तुम्ही लोक करायचात तरी काय?"

मावशीला हसू आलं. काय करायचो? त्या चाळीस मिनिटांवर तर तिची एकतीस वर्षं उभी होती. चाखून झालं, दिवा लावला की मोठे डॉक्टर स्वतः किटली ठेवायचे. छोटे डॉक्टर खरोखर छोटे होते तेव्हा, बिस्कीट चहात बुडवून तुकडा कपात पाडायचे आणि चमच्याने शोधत बसायचे. मोठे डॉक्टर पेशींच्या गोष्टी सांगायचे, घरात आजारी असलेल्या आईबद्दल बोलायचे, मावशीच्या मुलीचं गणित सोडवून द्यायचे. काम त्या चाळीस मिनिटांत काहीच नव्हतं. म्हणून तर ती इतकी गोड होती.

"चहा प्यायचो," ती म्हणाली. "चाखून झालं की दिवा लावायचा, आणि मग चहा..."

चिमणी कुणासाठी घाबरली होती ते मावशीला कळलं, आणि ती तशीच छोट्या डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली.

४

"काल तुमचं रक्त लावलंत, तेव्हा चाखलं होतंत?" मावशीने छोट्या डॉक्टरांना विचारलं.

"चाखायला वेळ कुणाला होता? मी थेट लावलं."

"मग बाही वर करा."

छोटे डॉक्टर काही विचारणार होते, पण चष्मा कपाळावर होता. त्यांनी बाही वर केली.

चिमणीला बोलावलं. ओट्यावर मावशीने मांडलेल्या तीन नळ्या बघितल्या आणि तिचा चेहरा उतरला. "नको ना, मावशी," ती पुटपुटली.

"गप. रक्त तू काढ, तुझा हात हलका आहे."

रक्त गरगर फिरवल्यावर पिवळं पाणी वेगळं झालं. पहिली नळी मावशीने न चाखता यंत्रात लावली. रेषा झोकात वर गेली. उरलेल्या दोन्ही नळ्यांत तिने एकेक एवढासा थेंब टाकला, अगदी पानावर लिहिल्याप्रमाणे. झळाळी मावळली, परत आली. तिने त्यातली एक लगेच यंत्रात लावली आणि वरून एडीपीचा पूर्ण थेंब सोडला.

रेषा आडवी. किंचित थरथरली आणि पुन्हा पडून राहिली.

"अरे!" छोटे डॉक्टर पडद्यावर वाकले. "हेच! वीस वेळा अस्संच!"

"या वीस रेषा पोरीच्या नाहीत. माझ्या आहेत," मावशी म्हणाली. "एडीपीची हाक ऐकायला पेशीच्या अंगावर कान असतात. तुम्ही त्यांना रिसेप्टर म्हणता. सारखी हाक मारली की पेशी ते कान मिटून घेते, काही तर चक्क आत ओढून घेते. कुणी दिवसभर आई, आई करत राहिलं की आपण नाही का ऐकेनासे होत? आपला तो एवढासा थेंबही हाकच. पेशी त्याला हूं म्हणते आणि कान मिटते. लगेच मोठ्याने हाक मारा, तिला ऐकू जात नाही. एडीपीचा कान तेवढा बंद. दुसऱ्या रसायनांचे कान वेगळे, ते उघडेच. म्हणून ती चालली."

"पण मावशी, तुम्ही तर आयुष्यभर चाखलंत! तुमच्या रेषा..."

"चाखल्यावर आपण काय करायचो?"

छोटे डॉक्टर आठवू लागले. "दिवा लावायचो. मग यंत्र तापेपर्यंत..." ते थांबले.

"यंत्र तापेपर्यंत तुम्ही कपात बिस्कीट शोधत बसायचात. तोवर रक्तातल्या पाण्यात तो थेंब विरून जायचा आणि पेशी निवांतपणे कान उघडायच्या. मी पानावर थेंब लिहिला, नळी लिहिली, दिवा लिहिला. चहा नाही लिहिला. चहा काय कुणी पद्धतीत लिहितं? नव्या यंत्राला तापायला नको. पोरीने चाखलं आणि दोन मिनिटांत लावलं. पानावर होतं तस्संच. मंगळवारी लाइट गेली म्हणून पाऊण तास थांबली, तर रेषा आली."

"हे अजून सिद्ध व्हायचंय," छोटे डॉक्टर हळूच म्हणाले. प्रमुख म्हणून ते त्यांना म्हणावंच लागलं.

"म्हणून तर तिसरी नळी ठेवलीय. चाळीस मिनिटांनी लावू. रेषा चढली तर शनिवारी ही कायम होईल. नाही चढली, तर..." मावशीने वाक्य अर्धं सोडलं आणि घड्याळाकडे बघितलं.

पाच मिनिटं गेली. मग छोट्या डॉक्टरांनी उठून किटली ठेवली. किटली कुठे असते हेसुद्धा त्यांना शोधावं लागलं. ते मोठ्या डॉक्टरांबद्दल बोलले. दिवा पुसायला ते स्वतःचा रुमाल वापरत आणि मग त्याच रुमालाने नाक पुसत, हे सांगताना त्यांना हसू आवरेना. मावशीने मुलीच्या गणिताची गोष्ट काढली. चिमणी ऐकत होती. तिने हे काही पाहिलेलं नव्हतं, ती आली तेव्हा मोठे डॉक्टर नव्हतेच. मावशीला वाटलं, ही चाळीस मिनिटं संपूच नयेत. आणि त्याच वेळी तिचा सगळा जीव त्या तिसऱ्या नळीत अडकला होता.

वेळ झाली. नळी चिमणीने लावली आणि थेंब सोडला. तिचा हात अजिबात कापला नाही.

रेषा क्षणभर आडवी राहिली. मग उचलली, आणि चढतच गेली.

५

छोटे डॉक्टर पडद्यापासून मागे सरले. मग चिमणीकडे वळले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "हातावर संशय घेतला तुझ्या. शनिवारी समितीला मी स्वतः सांगेन, आणि का ते सगळं सांगेन."

"तुला कधी कळलं?" मावशीने विचारलं.

"मंगळवारी शंका आली," चिमणी म्हणाली. "बुधवारी सकाळी न चाखता एक नळी लावून बघितली. दुपारी सरांनी वही मागितली, म्हणाले, मावशींचं पान पुस्तकात पहिलं जाणार, खाली नाव जाणार. मला काही सुचलंच नाही. छापून आलं असतं आणि मग कुणीतरी म्हणालं असतं, हे चूक आहे. तुम्हाला हसले असते सगळे."

"म्हणून पान फाडलंस? आणि नोकरी घालवायला निघालीस?"

चिमणीने खाली बघत मान हलवली.

"मूर्ख आहेस तू," मावशी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "माझं नाव निवृत्त झालंय गं. त्याला आता काय व्हायचंय? तुझे हात अजून तीस वर्षं चालायचेत. माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं, आणि पुन्हा केलंस तर याद राख." तिने चिमणीला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्याआड स्वतःचं नाक पुसून घेतलं.

छोटे डॉक्टर खाकरले. त्यांचाही चेहरा जरा उजळला होता. "म्हणजे उपाय सोपा आहे. पानावर एक ओळ वाढवायची. चाखल्यावर चाळीस मिनिटं थांबा. काय, मावशी?"

मावशी एकदम हरखली. एक ओळ! पुन्हा किटली, पुन्हा गप्पा, आणि तेही नियमानेच. पुढे कुणी इथे लागेल, त्यालाही या ओट्याशी बसून रोज चाळीस मिनिटं काहीच करावं लागणार नाही. "लिहू की," ती म्हणाली. "पेन आणा. आत्ताच लिहू."

"नाही," चिमणी म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघायला लागली. कालपासून ती पहिल्यांदाच असं ठामपणे बोलली होती, आणि बोलल्यावर स्वतःच गोरीमोरी झाली. पण थांबली नाही.

"थांबायचं कशाला, मावशी? चाखायचंच कशाला? नळी उजेडात धरली की झळाळी दिसतेच. दिसली म्हणजे पेशी जिवंत. आणि आता जपायला दिवाही नाही. चाखलं की पेशींना उगाच त्रास, आणि चाळीस मिनिटांनी सगळ्या पूर्ण सावरल्या की नाही ते तरी कुणी मोजलंय? मी ते काढून टाकीन. रक्त काढा, फिरवा, बघा, लावा. बस."

मावशीने मनात तेच घोळवलं. झळाळी दिसतेच. एकतीस वर्षं तिने रोज नळी उजेडात धरली होती, झळाळी बघितली होती आणि तरी वर थेंब टाकला होता. एका दुपारी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती म्हणून. पोरीचं म्हणणं खरं होतं, शब्दाशब्दाने खरं होतं, आणि त्यात किटलीला कुठेच जागा नव्हती. मावशीला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पान तूच लिही, आणि खाली तुझं नाव घाल." आणि हे ती चांगलं मोठ्याने म्हणाली, म्हणजे शनिवारी समितीपुढे छोटे डॉक्टर यातलं काही विसरायला नकोत.